छत्तीसगुणी घोडा

शनिवारी सकाळी वसईजवळच्या उमेळ्यातल्या आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर जी रांग लागायची, ती पाहून नव्या माणसाला वाटावं की इथे कुठल्या तरी देवीची यात्रा भरली आहे. चपलांचा ढीग, नारळवाला, उसाच्या रसाची गाडी, 'रांगेत या, रांगेत या' असं ओरडत स्वतःच रांग मोडणारे भगव्या टी-शर्टमधले स्वयंसेवक, सगळं होतं. फक्त मांडवात देवीच्या जागी घोडा होता. फायबरचा, पांढराशुभ्र, कुठल्याशा लग्नाच्या हॉलमधून भाड्याने आणलेला. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर गंध, आणि त्याच्या पुढ्यात पाटावर बसलेले श्री गुणेश्वर महाराज.

महाराज घोड्यांना गुण देत. लग्न ठरवताना मुलामुलीची पत्रिका जुळवून देतात ना, अगदी तसे. रविवारी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यत असली की तिथे धावणारा घोडा आणि त्याच्यावर बसणारा जॉकी या दोघांच्या पत्रिका महाराज जुळवत आणि छत्तीसपैकी गुण काढत. अठराच्या खाली गेला तो घोडा बाद. तिसाच्या वर गेला की भक्तांनी खिशात हात घालायचा.

"बाळांनो," महाराज माईकवरून सांगत, "शर्यत घोडा जिंकत नाही. जॉकीही जिंकत नाही. शर्यत त्यांचा संसार जिंकतो! घोडा देवगणी आणि जॉकी राक्षसगणी, म्हणजे रोजची भांडणं. एकनाड आली, म्हणजे घोडा वळणावर अडलाच समजा. आणि योनी? अश्वयोनी! ते चार गुण तर फुकटच!"

मांडवात टाळ्या पडत. एकदा कोणीतरी, नवाच असावा, उभा राहून म्हणाला, "महाराज, घोड्याची जन्मवेळ कुठून कळते?"

"त्याच्या डोळ्यांत पाहिलं की कळते."

"पण घोडा तर महालक्ष्मीला आहे."

"आणि मी?" महाराज मंद हसले. "मी कुठे आहे असं वाटतं तुला?"

त्या माणसाने कान पकडून नमस्कार केला. मला विचाराल तर महाराज उमेळ्यात होते. मला माझ्या गॅलरीतून ते चांगले दिसत होते.

मी वसुंधरा. आयुष्यभर इथल्याच शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे उमेळे, सांडोर, नंदाखाल या पट्ट्यातले निम्मे कर्ते पुरुष माझ्या हातची छडी खाऊन मोठे झालेत. गुण देणं हा माझा धंदा होता आणि ते मी उत्तरपत्रिका वाचून देत असे. गणिताशी ज्याचा छत्तीसचा आकडा आहे असा एक माणूस माझ्या दारासमोर बसून सगळ्या गावाला छत्तीसपैकी गुण वाटतोय, हे पाहून माझं रक्त उकळायचं. पण लोकांना राग येत नव्हता, कारण लोकांनी चमत्कार पाहिला होता.

चमत्कार केळ्याचा. रांगेतून पुढे गेलेल्या प्रत्येकाला महाराज एक पिवळंधमक केळं देत. केळं हातात घेऊन डोळे मिटत, त्यावर लाल फडकं टाकत, फडक्याखाली हात घालून मंत्र पुटपुटत आणि मग तसंच गुंडाळून भक्ताच्या ओंजळीत ठेवत. दिवेलागणीपर्यंत फडकं सोडायचं नाही. घरी देवापुढे ठेवायचं. संध्याकाळी सोडलं की केळ्याच्या सालीवर तपकिरी रंगाचा एक आकडा आपोआप उमटलेला असे. तो घोड्याचा नंबर. तो कोणाला सांगायचा नाही, दाखवायचा नाही. 'गुण बोलला की गुण उतरतो.' रविवारी दुपारी शर्यतीआधी केळं खायचं आणि साल गाईला घालायची.

ज्यांचा घोडा जिंके ते सोमवारी पेढे वाटत. ज्यांचा हरे त्यांना महाराज फक्त एक प्रश्न विचारत, "कोणाजवळ बोललास?" आणि प्रत्येकजण कोणाजवळ तरी बोललेला असेच. निदान बायकोजवळ. तो माणूस खाली मान घालून घरी जाई आणि बायकोवर डाफरे. त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या कितीतरी बायका महालक्ष्मीला हरलेल्या घोड्यांना जबाबदार ठरल्या होत्या.

गावातले शेतकरी एक वेळ समजू शकते. पण आमच्या चौथ्या मजल्यावरचा हर्षवर्धन! पुण्याकडचा मुलगा, कॉम्प्युटरमध्ये मोठा पगार. तो महाराजांचा तक्ता बनवत होता. एकदा लिफ्टमध्ये भेटला तर लॅपटॉप उघडून दाखवायलाच लागला.

"आंटी, हे बघा. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. प्रत्येकाचे पॉइंट्स. त्यात मी घोड्याचं वय, वजन, मागच्या शर्यती पण टाकल्यात. टोटल छत्तीस. इट्स फुल्ली सायंटिफिक."

"बरोबर येतं का?"

"शंभर टक्के! गेल्या रविवारची शर्यत टाका. विनर टॉपला. त्याच्या आधीच्या रविवारची टाका. विनर टॉपला!"

"आणि येत्या रविवारची?"

"ते... रेस झाली की मी वेटेज ॲडजस्ट करतो ना. नाडीचे पॉइंट्स कमी-जास्त करायचे, की बरोबर बसतं."

"म्हणजे पेपर फुटल्यावर तुझा तक्ता पहिला येतो."

तो हसला. त्याला वाटलं मी कौतुक केलं. मी त्याच्याकडून शर्यतीची पुस्तिका वाचायला मागून घेतली. त्यात कळलं की रेस क्लबची जाणकार माणसं स्वतःच प्रत्येक घोड्याला गुण देतात, आणि ज्याला गुण जास्त त्याच्या पाठीवर शर्यतीत वजन जास्त ठेवतात. चांगल्या घोड्याला जड ओझं, साध्याला हलकं, म्हणजे सगळे होता होईल तो बरोबरीत यावेत. थोडक्यात, कोण जिंकेल ते कोणाला सहज ओळखता येऊ नये म्हणून तिथे शहाणी माणसं पगार घेऊन राबतात. आणि आमचे महाराज ते उमेळ्यात पाटावर बसून ओळखणार होते.

एवढं झालं तरी मी गॅलरीतूनच चिडत राहिले असते. पण एका शुक्रवारी दुपारी सत्यवती आली.

सत्यवती म्हणजे सांडोरच्या शत्रुघ्नची बायको. शत्रुघ्न माझा विद्यार्थी, गणितात बरा, फक्त उत्तर आधी लिहून मग रीत शोधायचा. दोघांची केळीची वाडी आहे. मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्याच्या काठाने राजेळी, अळू, नागवेल. नवऱ्याबरोबर ती रोज त्या चिखलात उभी असते. त्या दिवशी ती खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसली.

"बाई, माझा मानूस येडा झालाय. वाडी इकायला निघालाय."

"कोणाला?"

"त्या संग्राम बिल्डरला. किती वर्सं मागं लागलेला, हा नाय म्हनायचा. आता महाराज सांगतात, या रविवारी छत्तीसपैकी छत्तीस गुनांचा घोडा धावनार. बारा वर्सांतून एकदा येतो म्हने. रविवारी सकाळी मांडवातच सही करनार, इसार घेनार आनि तिथल्या तिथं महाराजांच्या पायाशी ठेवनार."

"महाराजांच्या पायाशी का? आजवर पैसे आपापलेच लावायचे ना लोक?"

"या वेळी महाराज सोता लावनार सगळ्यांचे. छत्तीसगुनी घोड्याला संसारी मानसाचा हात लागला त गुन फाटतो म्हने."

मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. इतके दिवस पेरणी चालली होती, रविवारी कापणी होती. घोडा पळो न पळो, महाराज नक्की पळणार होते.

"तू सांगून पाहिलंस?"

"मी सांगितलं त म्हनतो, तू बोलू नको, तुझ्या तोंडानं गुन उतरतो." तिचे डोळे भरले. "त्याचा घोडा लागोपाठ जिंकतोय बाई. एकदाही हरला नाय. त्याच्याकडं बघून सगळी रांग लागलीय. वाडी त्याच्या नावावर हाय, पन तिथलं एकेक झाड मी लावलंय. तुमचा मार खाल्लेला हाय तो. तुमचंच ऐकंल."

मी तिला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभी राहिले. एकटी नाही. शेजारची क्लेमेंटीन, आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तिलाही घेतलं. ती आधी कुरकुरली. फादरनी रविवारच्या प्रवचनात जुगाराविरुद्ध बोलून झालं होतं. मी म्हटलं, तू फक्त केळं घे, पाप मी घेते.

जवळून पाहिलं तेव्हा महाराजांच्या उजव्या करंगळीवर नजर गेली. नख बोटभर वाढवलेलं, टोकाशी निमुळतं. मी विचारलं, "महाराज, हे नख?"

"तपाचं नख आहे, माई. बारा वर्षं कापलेलं नाही."

"आमच्या शाळेत चाललं नसतं."

महाराज हसले आणि माझ्या केळ्यावर फडकं टाकून मंत्र म्हणू लागले. फडक्याखाली काहीतरी अगदी हलकं हललं.

मी घरी आले. केळं तसंच ठेवलं आणि फळांच्या टोपलीतलं आमचं साधं केळं घेतलं. केसांतला आकडा काढून त्याच्या टोकाने सालीवर काहीतरी कोरलं, अगदी हलक्या हाताने. साल फाटली नाही, काही दिसलंही नाही. फडक्यात गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी दोन्ही सोडली. महाराजांच्या केळ्यावर स्पष्ट चार उमटला होता. माझ्या केळ्यावर मी लिहिलेलंही तितकंच स्पष्ट, तपकिरी रंगात उमटलं होतं. मंत्र म्हणायची मला गरज पडली नव्हती. तेवढ्यात क्लेमेंटीन आली. तिच्या केळ्यावर सात होता.

बाई, हे काय नवीन सांगितलंत, असं तुम्ही म्हणाल. आणि तेच तर मला सहन होत नव्हतं! वसईचा माणूस, पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणारा. बाजारात गिऱ्हाइकाने घडाला नख लावलं की पाटीवालीचा आवाज स्टेशनपर्यंत ऐकू येतो, कारण तासाभरात तिथे काळा डाग पडणार हे तिला माहीत असतं. तीच माणसं घरी जाऊन त्याच डागापुढे निरांजन लावत होती.

आम्ही दोघी रिक्षा करून सांडोरला गेलो. शत्रुघ्नने अंगणात खुर्च्या मांडल्या. मी महाराजांनी दिलेली दोन्ही केळी त्याच्यापुढे ठेवली.

"हे माझं. चार. हे क्लेमेंटीनचं. सात. एकाच शर्यतीत दोन घोडे पहिले येतात का रे?"

त्याने शांतपणे पाहिलं. "बाई, तुमचा इस्वास नाय. इस्वास नसलेल्याला महाराज खोटा नंबर देतात. परीक्षा असते ती."

"आणि क्लेमेंटीनला?"

"त्यांना पन खोटा."

"मग खरा नंबर कोणाला?"

"मला," शत्रुघ्न म्हणाला.

दारात उभी असलेली सत्यवती माझ्याकडे बघत राहिली. मला राग आला, आणि मग रागापेक्षा भीती जास्त वाटली. कारण मांडवातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून मी हेच विचारलं असतं, तर प्रत्येकाने हेच उत्तर दिलं असतं. खरा नंबर मला, बाकीच्यांना खोटा. एकेकट्या माणसाला समजावून उपयोग नव्हता. सगळ्यांची उत्तरं एकदम समोर यायला हवी होती, आणि मौनाचं व्रत घेतलेला माणूस केळं दाखवणार कसा?

रिक्षात बसले आणि मला माझा जुना वर्ग आठवला. तोंडी गणित घ्यायचे तेव्हा मुलं एकमेकांचं बघून लिहायची. म्हणून नियम होता. पाटीवर उत्तर लिहायचं, पाटी छातीशी पालथी धरायची, बोलायचं नाही, शेजारी बघायचं नाही. आणि मी 'पाट्या वर!' म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम डोक्यावर. शत्रुघ्नने, त्याच्या वर्गातल्या आलोशियसने, त्या मांडवातल्या निम्म्या टकलांनी आणि पोटांनी वर्षानुवर्षं ते केलं होतं. शरीर असल्या सवयी विसरत नाही. क्लेमेंटीनला सांगितलं तर ती हसून रिक्षातून पडायची राहिली.

रविवारी सकाळी मांडव तुडुंब भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर लाल फडकं, कारण महाराज शेवटचा आशीर्वाद देऊन मगच पैसे स्वीकारणार होते. मोठ्या पडद्यावर हर्षवर्धनचा तक्ता झळकत होता आणि त्यात सगळ्यांत वर छत्तीसपैकी छत्तीस गुणांचा घोडा, नंबर मात्र मौनापायी झाकलेला. पुढच्या ओळीत शत्रुघ्न, नवा शर्ट घालून. त्याच्या एका बाजूला दगडासारखी बसलेली सत्यवती. दुसऱ्या बाजूला नंदाखालचा आलोशियस, जो फादरना सांगून आला होता की हा जुगार नाही, हे मॅथ्स आहे. आणि त्यांच्यामागे हातात कागदांची फाईल आणि बॅग घेतलेला संग्राम, घड्याळ बघत.

मी सरळ पुढे गेले. "महाराज, मी गणिताची निवृत्त शिक्षिका. गुणांविषयी दोन शब्द बोलू का?"

महाराजांना आनंद झाला. शास्त्राची मान्यता स्वतःच्या पायाने चालत आली होती. त्यांनी आपल्या हाताने मला माईक दिला.

"मागचे, गडबड नको," मी म्हटलं. मागची गडबड थांबली. "ओळखलंत ना मला?"

"होऽऽ बाईऽऽ," अर्धा मांडव एका सुरात म्हणाला. उरलेला अर्धा त्यांच्याकडे बघून सरळ बसला.

"महाराजांनी मौन सांगितलंय. ते मोडायचं नाही. एक शब्द कोणी बोलणार नाही. शेजारी कोणी बघणार नाही." महाराज मान डोलवत होते. "आता फडकं सोडा. केळं उजव्या हातात. आकडा छातीकडे, पालथं धरा. आलोशियस, बघू नकोस म्हटलं ना शेजारी!"

"सॉरी टीचर."

"बोलूही नकोस. सगळे तयार?" मी एक श्वास घेतला. "पाट्या वर!"

आणि सगळी केळी वर गेली. विचार करायला वेळच मिळाला नाही कोणाला. माझे विद्यार्थी, त्यांच्या बायका, इमारतीतले नवे लोक, रसाचा गाडीवाला, एवढंच काय, कुठल्याशा दुसऱ्याच शाळेत शिकलेला हर्षवर्धन, सगळ्यांचे हात ताठ डोक्यावर. दोन स्वयंसेवकांचेही.

"आता शेजारी बघा," मी म्हटलं.

शत्रुघ्नच्या केळ्यावर दोन होता. आलोशियसच्या केळ्यावर सहा. मागे एक, आठ, पाच, परत दोन, तीन, चार, सात. एकपासून आठपर्यंत सगळे घोडे हजर होते, एकही गैरहजर नव्हता. मौन असल्यामुळे कोणी बोलत नव्हतं. नुसत्या माना वळत होत्या. आलोशियसने शत्रुघ्नचा हात खाली ओढून त्याचं केळं पाहिलं, मग आपलं पाहिलं, मग परत त्याचं.

पहिला आवाज हर्षवर्धनचा आला. "महाराज, माझ्या शीटमध्ये तीन टॉपला आहे. केळ्यावर पाच आलाय. डेटामध्ये काहीतरी एरर..."

"शांत! शांत!" महाराज उठले. "मूढांनो, प्रत्येकाची पत्रिका वेगळी! म्हणून प्रत्येकाचा घोडा वेगळा!"

काही माना हलल्या. माणसाला सुटका हवी असते, ती कोणी देऊ केली की तो घेतो. मी म्हटलं, "म्हणजे आज दुपारी आठही घोडे पहिले येणार?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"इतके आठवडे हेच चाललंय," मी सांगितलं. "शर्यतीत आठ घोडे. महाराज आठही नंबर वाटतात. एक जिंकतोच. ज्याला तो मिळाला तो पेढे वाटतो. बाकीचे तोंड लपवतात, कारण हरलो म्हणायचं म्हणजे बोललो असं कबूल करायचं. पुढच्या आठवड्यात जिंकलेल्यांना परत वेगवेगळे नंबर. त्यांतला कोणीतरी परत जिंकतो. असं करत करत लागोपाठ जिंकलेला एखादा उरतो. शत्रुघ्न, तो तू. तुझ्यावर देवाची कृपा नव्हती, तू गाळणीत उरलास. तू नसतास तर दुसरा कोणी उरला असता."

शत्रुघ्नने महाराजांकडे पाहिलं.

"आणि आकडा?" महाराजांनी आवाज चढवला. "आकडा कोण उमटवतो? बोला! ही ईश्वरी लिपी..."

"हो, विसरलेच. माझ्यातर्फे प्रसाद, महाराज." मी पिशवीतून लाल फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी ते सोडलं. पुढच्या ओळीतल्यांनी माना पुढे केल्या. केळ्यावर सुबक तपकिरी अक्षरांत लिहिलं होतं, छत्तीसपैकी शून्य.

"भोपळा!" आलोशियस मौन विसरून ओरडला, आणि मांडव हसण्याने हादरला.

"काल केसांतल्या आकड्याने लिहिलं मी हे. कुठल्याही अणकुचीदार वस्तूने येतं."

सत्यवती उठून उभी राहिली. तिचा आवाज बाजारातला होता. "नख! अरे, हे नखाचं डाग हायत! घडाला कोनी नख लावलं त मी गिऱ्हाइकाचा बाप काढते, आनि इथं तुम्ही सगळे हात जोडून बसलाव!"

मग मी महाराजांकडे वळले आणि वर्गात दर सोमवारी जसं म्हणायचे तसं म्हटलं, "नखं!"

आता तुमचा विश्वास बसणार नाही, पण महाराजांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, तळवे खाली, बोटं सरळ. तेही कुठल्यातरी मराठी शाळेतच शिकलेले होते. त्या लांब करंगळीच्या नखात केळ्याच्या सालीचा चीक साठून काळाकुट्ट झाला होता. केळ्याचा चीक साबणाने जात नाही, हे त्या मांडवात कोणाला सांगावं लागलं नाही.

हसणं थांबलं. शत्रुघ्न आपलं केळं डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. अंगठ्याने त्याने तो दोनचा आकडा चाचपला. केळं त्याच्याच वाडीतलं होतं, महाराजांना घड तोच पुरवत होता. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

मागून संग्रामने हळूच विचारलं, "काका, सहीचं काय मग? मुहूर्त टळतोय."

"नाय," शत्रुघ्न म्हणाला. मग मोठ्याने परत म्हणाला, "नाय इकायची वाडी." आणि बायकोकडे बघायची हिंमत नसल्यामुळे तो फायबरच्या घोड्याकडे बघत राहिला. सत्यवती तोंडाला पदर लावून रडली, सगळ्यांदेखत, आणि मग तिने त्याच्या हातातलं केळं काढून घेतलं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. महाराजांनी मागच्या कनातीकडे मोर्चा वळवला होता, पण तिथे क्लेमेंटीन छत्री घेऊन उभी होती. पोलीस आले, जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार नोंदली गेली. महाराजांचं खरं नाव दिनानाथ निघालं. आधी त्यांचं विवाहमंडळ होतं. पोरंपोरी आपापली लग्नं जमवायला लागली आणि धंदा बसला, तेव्हा ते घोड्यांकडे वळले. घोडे पळून जाऊन लग्न करत नाहीत, एवढाच त्यांचा हिशोब.

संध्याकाळी फोन वाजला. आलोशियस.

"टीचर! सहा नंबर जिंकला! माझं केळं! महाराज थोडे तरी खरे होते की नाही?"

मी कपाळावर हात मारला. "आलोशियस, आठ घोडे धावले. कोणाचं तरी केळं जिंकणारच होतं. एक आला असता तर एकवाल्याने मला फोन केला असता. आज तू केलास, एवढाच फरक."

तो तिकडे बोटं मोजत असावा. मग म्हणाला, "पण टीचर, वाटतं ना."

हो, वाटतं. आपल्यालाच खरा नंबर मिळालाय असं प्रत्येकाला वाटतं आणि त्या वाटण्यावर असल्या महाराजांचं दुकान चालतं. हर्षवर्धनलाही वाटतं. हल्ली तो घोडे सोडून आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर कधी येईल याचा तक्ता करतो. गेल्या आठवड्याचं त्याचंही अगदी अचूक येतं.

पुढच्या शनिवारी शत्रुघ्न आणि सत्यवती घरी आले. त्याने राजेळीचा अख्खा घड खांद्यावरून उतरवला आणि वर्गात चुकल्यावर उभा राहायचा तसा दारात उभा राहिला.

"बाई, परत असा कोनी आला त वळखायचा कसा?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "जो म्हणेल कोणाला सांगू नका, त्याचं आधी सगळ्यांना सांगायचं. शेजाऱ्याला विचारायचं, तुला काय सांगितलं? आणि जिंकलेल्यांचे पेढे खाताना विचारायचं, हरलेले कुठे आहेत? खरी गोष्ट असेल तर दहाजणांनी उलटसुलट तपासली तरी तिचं काही बिघडत नाही. खोट्यालाच अंधार आणि फडकं लागतं. डोकं देवाने दिलं म्हण, आईबापांनी दिलं म्हण, पण ते वापरायला कोणाची दीक्षा लागत नाही."

त्याने मान हलवली. मी घडातलं एक केळं पिकलंय का ते बघायला हात पुढे केला.

"बाई!" सत्यवती गरजली. "नख लावू नका!"